सहीचं पेन

मंगळवारी दुपारी लॅबमधून बोरगाव्यांचा फोन.
ते कधी हॅलो म्हणत नाहीत.
"तुस्कानो सिस्टर, परत तोच."

तोच म्हणजे क्लेब्सिएला.
परत म्हणजे नऊ दिवसांत तिसऱ्यांदा,
चेंबूरच्या आमच्या पालिका रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे कुणालाच अजून नाव नसतं.
रजिस्टरात मी लिहिते :
रुबिनाचं बाळ, वॉर्मर चार.
हौसाचं बाळ, वॉर्मर सात.
गुंजनदेवीचं बाळ, वॉर्मर पाच, एक किलो ऐंशी ग्रॅम.
वाण्याकडच्या साखरेच्या पुड्याएवढं, वर थोडी चिमूट.

वसईला चर्चबाहेर बायका विचारतात,
नर्स ना गं तू, मग इंजेक्शन का देत नाहीस?
मी मोजते.
नळी किती दिवस आत राहिली,
किती जणांनी हात धुतले,
किती जणांनी धुतल्यासारखं केलं.
उगाच एक फाईल धरून खांबाशी उभी राहते.
मला लांबून पाहिलं की निवासी डॉक्टर
तळवे चोळायला लागतात,
मास्तर आल्यावर पोरं पुस्तक उघडतात तसे.

बुधवारी मी सगळ्याचे स्वॅब घेतले.
सिंकच्या जाळीचा, सोनोग्राफीच्या जेलचा,
स्टेथोस्कोपचे, दुधाच्या वाट्यांचे, मोजपट्टीचा.
झिलू वॉर्डबॉय म्हणाला, माझ्या जिभेचा पण घ्या,
तीच जास्त चालते.
सुगंधामावशीने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या,
मनगट पुढे केलं.
"पहिला संशय आमच्यावरच, नाही का?"
मी काडी फिरवत राहिले.
खरं होतं ते.

सगळं स्वच्छ आलं.
मावशीचं मनगट तर सगळ्यांत स्वच्छ.

गुरुवारी रात्री दाराशी स्टूल घेऊन बसले.
शेवटची मोनोरेल गेली, रिकामीच.
एक मॉनिटर उगाच ओरडत होता, मग गप्प झाला.
दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर धनावडे आली,
डोळ्यांत झोप, पायांत कुणाच्या तरी चपला.
पण हात काय धुतले पोरीने!
नखं, अंगठे, बोटांच्या बेचक्या,
नळ कोपराने बंद.
मी मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.
मग तिने टेबलावरचं पेन उचललं,
तक्त्यावर लिहिलं : २.१०, हात धुतले, सही.
आणि थेट वॉर्मर पाचमध्ये हात घातला.

पेन.
निळं, टोपण नसलेलं, मागून कुणीतरी चावलेलं,
टेबलाच्या पायाला गॉजपट्टीने बांधलेलं.
मीच बांधलं होतं जूनमध्ये,
चोरीला जातं म्हणून.
पट्टी तेव्हा पांढरी होती.
तक्ताही माझाच. खाली माझा शिक्का.

शनिवारी बोरगाव्यांनी पहिल्यांदाच
फोनवर थोडा वेळ घेतला.
"पेनावर आहे. पट्टीवर तर खूपच."

सुगंधामावशीला सांगायला मी मुद्दाम गेले.
वाट्या उकळत होत्या, तिने गॅस बारीक केला,
सगळं ऐकून घेतलं.
वाटलं, आता ऐकवेल काहीतरी.
"मग सही कशी करायची आता?"
नाही करायची, मावशी.
"आणि धुतले, ते कळणार कसं तुम्हाला?"

पाच नंबर वाढतंय. एक किलो एकशे चाळीस.
हौसा तिचं घरी घेऊन गेली,
जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला,
मी तो हातात धरूनच उभी.

रुबिनाच्या बाळापुढे फक्त तारीख आहे.
नाव ठेवायचं होतं बाराव्या दिवशी,
ते आठव्यालाच संपलं.
तारीख माझ्याच अक्षरात आहे, निळ्या शाईत.
त्या दिवशी माझं पेन सापडत नव्हतं,
एवढं आठवतं.
कुठलं घेतलं, ते आठवत नाही.